उरेल ते शेताचे

बोरिवली पश्चिमेला रिक्षावाल्याला नुसते ‘कोरा केंद्र’ सांगितले तरी पुरते. नवरात्रात इथल्या मैदानावर गरब्याची गर्दी लोटते आणि बहुतेक बोरिवलीकरांना हे नाव त्या रोषणाईमुळेच ठाऊक आहे. शिंपोली रस्त्यावरच्या या आवाराची मूळ ओळख मात्र वेगळी आहे. सी. बी. कोरा ग्रामोद्योग संस्था ही खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची प्रशिक्षण संस्था. आयोगाचे गोबर गॅसवरचे संशोधन आणि विकास केंद्रही याच कोरा केंद्रात होते. आयोगाचे मुख्यालय इथून फार लांब नाही. ते विलेपार्ल्यात, इर्ल्याला आहे. खेड्यातल्या परसात विहिरीसारख्या टाकीवर तरंगणारे लोखंडी पिंप आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेले असते. त्याची मापे, त्याचा खर्च आणि त्याच्या दुरुस्त्या यांचा बराचसा विचार गावाकडे नव्हे, मुंबईच्या उपनगरांत झाला.

हा इतिहास आपण नेहमी गॅसचा म्हणून सांगतो: धूर गेला, चूल सुटली, घरात दिवा लागला. हे सगळे खरे आहे. पण ज्या प्रश्नातून हे काम उभे राहिले तो प्रश्न खताचा होता. तो विसरल्यामुळे पुढे बरेच काही हुकले, म्हणून गोष्ट त्या टोकापासून सांगायला हवी.

गोवरीचा हिशेब

इंग्लंडच्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर १८८९ साली हिंदुस्थानात आले. इथली शेती सुधारायची कशी, हे सरकारला सांगण्यासाठी ते देशभर हिंडले. त्यांचा अहवाल १८९३ साली प्रसिद्ध झाला. इथला शेतकरी अडाणी आहे म्हणून शेण जाळतो, असे तेव्हाचे अधिकारी सर्रास म्हणत. व्होल्कर यांनी ते मानले नाही. शेतकऱ्याला शेणाची किंमत कळते, पण त्याच्याकडे सरपण नाही, म्हणून तो गोवऱ्या थापतो, असे त्यांचे म्हणणे होते. सरपण द्या, शेण आपोआप शेतात जाईल.

गोवरी चुलीत घातली की तिच्यातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा भाग भांड्याला लागतो, बाकीची धुराबरोबर जाते. नायट्रोजनही धुराबरोबरच जातो. उरते ती राख. ती भांडी घासायला उपयोगी पडते, पण तिच्यात पिकाला पोसण्याचे बळ फारसे नसते. वर्षानुवर्षे रानातला कडबा, भुसा आणि गवत गुरांच्या पोटातून येऊन चुलीत जात होते. रानातून जाणारे जात राहिले, परत येणारे थांबले. व्होल्कर यांनी दाखवलेली गाठ अशी होती: चूल आणि शेत एकाच शेणावर हक्क सांगतात, आणि रोज सकाळी चूल जिंकते.

माटुंग्याचा दिवा

हा अहवाल निघाला तेव्हा मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ होते. मराठी वाचकाला हे नाव पोवाड्यांमुळे माहीत असते. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे आणि स्त्रियांचे पोवाडे गोळा करून १८९१ साली छापले. त्याच अ‍ॅकवर्थ यांनी १८९० साली माटुंगा-वडाळ्याच्या बाजूला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उभारला. आजचे वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच.

शहराच्या मलनिस्सारण वाहिन्यांपासून दूर असलेल्या या वस्तीतला मैला आणि सांडपाणी कुठे न्यायचे, हा प्रश्न लगेचच उभा राहिला. १८९५ साली इंग्लंडमधल्या एक्झिटर शहरात डोनाल्ड कॅमेरन यांच्या सेप्टिक टाकीतून निघणाऱ्या गॅसवर दिवे लावून दाखवले गेले होते. माटुंग्याच्या आश्रमात १८९७ साली तशाच बंद टाकीतला गॅस गोळा करून वापरायला सुरुवात झाली. पुढे त्यावर एक इंजिनही चालवण्यात आले. अनेक पुस्तकांत या टाकीचे साल १८५९ असे छापलेले आढळते. पण आश्रमच १८९० सालचा आहे, तेव्हा त्याआधी एकतीस वर्षे तिथे टाकी असणे शक्य नाही.

त्या काळच्या अभियंत्यांना या टाकीत स्वच्छतेचा प्रश्न सुटलेला दिसला. गावोगावच्या शेणाची गाठ याच युक्तीने सुटेल, हे ध्यानात यायला आणखी चाळीस वर्षे जावी लागली. १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणावर प्रयोग केले आणि हवाबंद टाकीत कुजवल्यास शेणापासून जळणारा वायू मिळतो, हे दाखवले. व्होल्कर यांनी सरपण द्या म्हटले होते. ते सरपण त्याच शेणात होते आणि ते काढून घेतल्यावरही खत शिल्लक राहत होते.

पिंप तरंगू लागले

देसाई यांचा प्रयोग प्रयोगशाळेत चालला, पण तो परसात चालायला साधे यंत्र हवे होते. ते जशभाई पटेल यांनी दिले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जे संयंत्र बनवले त्याचे नाव ‘ग्रामलक्ष्मी’. त्यात सुधारणा होत होत जो नमुना पक्का झाला, तो खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने उचलला.

रचना अशी. जमिनीत विटांची गोल, खोल टाकी. एका बाजूला कुंडी, तिच्यात शेण आणि पाणी सारखे घेऊन कालवायचे. तो काला नळीने टाकीच्या तळाशी उतरतो. टाकीच्या तोंडावर लोखंडी पिंप उपडे ठेवलेले असते. गॅस भरला की ते वर चढते, वापरला की खाली बसते. गॅस किती आहे हे सांगायला वेगळे मापक लागत नाही, पिंपाच्या उंचीकडे पाहिले की घरातल्या बाईला कळते. पिंपाच्या वजनानेच गॅसला शेगडीपर्यंत जाण्याइतका दाब मिळतो. पिंपाच्या आत लोखंडी गज जोडलेले असतात. रोज पिंप थोडे फिरवले की काल्यावर धरलेली जाड साय मोडते. आणि रोज जितका नवा काला आत जातो, तितकाच कुजून निघालेला काला दुसऱ्या नळीने बाहेर पडतो.

हा बाहेर पडणारा काला या यंत्राचा खरा पुरावा होता. टाकीत शेणातल्या घन पदार्थाचा साधारण पाव भाग गॅस होतो, बाकीचा काल्यात राहतो. नायट्रोजन जवळजवळ सगळा टिकतो. शिवाय चुलीत गोवरीची उष्णता जेमतेम दहा टक्के कामी येत होती, तर गॅसच्या शेगडीवर ५५ ते ६० टक्के येते. म्हणजे शेणाचा पाव भाग जाळून स्वयंपाक होतो आणि उरलेले सगळे शेताचे. चूल आणि शेत यांचे जुने भांडण इथे मिटत होते.

इर्ला आणि बोरिवली

आयोगाची स्थापना १९५७ साली झाली. वैकुंठलाल मेहता हे त्याचे पहिले अध्यक्ष. मुंबई प्रांताचे अर्थमंत्री राहिलेला, सहकारी चळवळीत उभे आयुष्य घालवलेला हा माणूस. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ उभा राहिला होता आणि जे. सी. कुमारप्पा यांनी तिथे मगनवाडीत ग्रामोद्योगांचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू केला होता. जमिनीतून घेतलेले जमिनीला परत करणारी अर्थव्यवस्थाच टिकते, हा कुमारप्पांच्या विचाराचा गाभा. १९६० च्या दशकाच्या आरंभी आयोगाने गोबर गॅसची योजना हाती घेतली, तेव्हा या विचाराला एक विटांची टाकी आणि एक लोखंडी पिंप मिळाले.

मुंबईतून हे काम चालणे वाटते तितके विचित्र नव्हते. अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगावात म्हशींचे तबेले होते. गोरेगावला १९४९ साली दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने आरे दुग्ध वसाहत सुरू झाली आणि शहरातले तबेले तिथे आणून हजारो म्हशी एका जागी बांधल्या गेल्या. बोरिवली-दहिसरकडे तेव्हा शेते आणि बागा होत्या. उपनगराला शेणाचा वास अजून परका झाला नव्हता.

इर्ल्याहून योजना निघत, कर्जे आणि अनुदाने ठरत. बोरिवलीला यंत्रात सुधारणा होत आणि प्रशिक्षण चाले. कुटुंबाला पुरेल असे दोन घनमीटरचे संयंत्र घ्या. त्याला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच जनावरे. एक घनमीटर गॅस म्हणजे सुमारे ०.६२ लिटर रॉकेल, किंवा साडेतीन किलो लाकूड, किंवा बारा किलो गोवऱ्या. हे आकडे पुढे देशभरच्या पुस्तिकांत आणि प्रशिक्षणवर्गांत घोकले गेले. उष्ण भागात काला टाकीत ३० दिवस, मध्यम हवेत ४० आणि थंडीच्या भागात ५५ दिवस ठेवायचा, असे टप्पेही ठरले.

काल्याचे काय करायचे, हे प्रशिक्षणात तितक्याच काळजीने सांगण्याची गोष्ट होती. तो उन्हात पसरून वाळवला तर त्यातला अमोनिया उडून जातो आणि टाकीने जपलेला नायट्रोजन शेताच्या बांधावर हरवतो. काला पाटाच्या पाण्याबरोबर सोडावा, किंवा खड्ड्यात पालापाचोळ्याच्या थरांवर ओतून त्याचे कंपोस्ट करावे. ज्याने हे केले त्याला या यंत्राचा पूर्ण लाभ झाला. ज्याने फक्त शेगडी पाहिली त्याला अर्धाच.

दोन टोके

१९६५ साली मुंबईच्या दुसऱ्या टोकाला, तुर्भ्याला, फर्टिलायझर कॉर्पोरेशनचा खत कारखाना सुरू झाला. पुढे १९७८ साली त्याचाच राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स झाला. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने होते आणि तिथला कच्चा माल घेऊन इथे हवेतला नायट्रोजन बांधला जात होता. हरित क्रांतीच्या बियाण्यांना या खताची भूक होती आणि त्या धान्याने देशाची पोटे भरली, हे मान्य केलेच पाहिजे.

१९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले. खत महागले, रॉकेल महागले. तोवर आयोगाची संयंत्रे काही हजारांपुरतीच होती. आता अचानक सगळ्यांचे लक्ष बोरिवलीच्या पिंपाकडे गेले. मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त १९७४ साली बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले सी. आर. प्रसाद, के. कृष्णप्रसाद आणि अमूल्य रेड्डी यांनी एक हिशेब मांडला. वर्षाला २ लाख ३० हजार टन नायट्रोजन देणारा एक मोठा खत कारखाना आणि तितकाच नायट्रोजन देणारी गावपातळीवरची २६,१५० गोबर गॅस संयंत्रे. भांडवल साधारण सारखेच. कारखान्यात सुमारे एक हजार लोकांना काम, संयंत्रांत सव्वा लाखाहून अधिक लोकांना. कारखाना ऊर्जा खातो, संयंत्रे ऊर्जा देतात.

हा हिशेब आज वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. तुलना खत कारखान्याशी केली होती, वीजकेंद्राशी नव्हे. त्या तिघांनी गोबर गॅसकडे खताचा उद्योग म्हणून पाहिले होते. पुढच्या सरकारी कार्यक्रमांत ही नजर हरवत गेली. १९८१-८२ साली राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला, अनुदाने वाढली, जिल्हा परिषदांना उद्दिष्टे दिली गेली. पिंपे मोजली गेली, टाक्या मोजल्या गेल्या. शेतात किती काला पोचला, हे मात्र त्या उद्दिष्टांत कुठेच नव्हते.

जे अडले ते

दोष यंत्रातही होते. लोखंडी पिंप गंजत असे आणि एकूण खर्चाचा मोठा वाटा त्या पिंपाचाच असे. त्यावर उत्तर म्हणून १९७८ साली उत्तर प्रदेशातल्या अजितमल इथल्या केंद्राने पिंपाविना, विटांच्या घुमटाचे ‘जनता’ संयंत्र काढले, आणि १९८४ साली ‘अ‍ॅफप्रो’ या संस्थेने त्याहून स्वस्त ‘दीनबंधू’. महाराष्ट्राने हे काम मनापासून उचलले. सरकारी नोंदींनुसार देशात उभारलेल्या सुमारे ५० लाख घरगुती संयंत्रांपैकी नऊ लाखांच्या आसपास एकट्या महाराष्ट्रात आहेत, देशात सर्वाधिक.

दुसरा दोष समाजातला होता. चार-पाच जनावरे असतील त्यालाच संयंत्र परवडे. आणि ज्या गावात शेणाला किंमत आली, तिथे रस्त्यावरचे शेण गोळा करून गोवऱ्या थापणाऱ्या भूमिहीन बाईची फुकट मिळणारी चूल विझली. शेताचे आणि चुलीचे भांडण मिटवताना कुणाचे शेत आणि कुणाची चूल, हे विचारायचे राहून गेले.

याचे उत्तर शोधणारे मराठी मातीत होते. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे आप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम स्वतः करू देण्याच्या मागणीसाठी उपोषण केले होते. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत करण्याचे प्रयोग आयुष्यभर केले. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन देहूचे डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर यांनी संडासाला जोडलेले गॅस संयंत्र विकसित केले. त्याचे नाव ‘मलप्रभा’. जनावर नसलेल्या घरालाही गॅस आणि खत मिळू शकते, हे त्यांनी तुकोबांच्या गावात दाखवले. माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात जे पहिल्यांदा घडले, ते देहूत माणसाच्या सन्मानाशी जोडले गेले. मापुसकरांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

पऱ्हाटी आणि भुसा

शेण म्हणजे जनावराच्या पोटातून गेलेली वनस्पतीच. मग जनावर मधे कशाला? थेट काडीकचऱ्याचाच गॅस का करू नये? हा प्रश्न संशोधकांना पडला आणि त्याचे उत्तर सोपे निघाले नाही. जलपर्णी, केळीचे खुंट, भुसा टाकीत घातले की ते वर तरंगतात, त्यांची साय धरते, नळ्या तुंबतात. गाय जे काम चावून आणि रवंथ करून करते ते यंत्राला करावे लागते. शिवाय वनस्पतीच्या तीन मुख्य घटकांपैकी सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज या लांब साखळ्या जिवाणू तोडतात, त्यांच्या साखरा आणि मग आम्ले होतात, शेवटी मिथेन. तिसरे लिग्निन. त्याला टाकीत जवळजवळ कुणी शिवत नाही. पण हेच हट्टी लिग्निन काल्याबरोबर शेतात गेले की जमिनीतला ह्यूमस घडवायला मदत करते. गॅसच्या दृष्टीने जे निकामी, ते मातीच्या दृष्टीने मोलाचे.

माटुंग्यातच, कुष्ठाश्रमापासून थोड्या अंतरावर, १९२४ साली कापसाच्या संशोधनासाठी प्रयोगशाळा स्थापन झाली होती. आज ती केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. गिरण्यांतल्या कापसाच्या धुळीपासून गॅस काढण्याचे काम तिथे झाले. पुढे पऱ्हाटीकडे लक्ष गेले. कापूस वेचून झाल्यावर हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी रानात उभी राहते आणि बहुतेक ठिकाणी ती उपटून जाळली जाते. माटुंग्याच्या संशोधकांनी तिच्यापासून लाकडासारखे बोर्ड बनवले, तिचे कंपोस्ट केले, तिच्यावर अळिंबी वाढवून दाखवली. कापसातल्या सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू, म्हणजे नॅनोसेल्युलोज, काढण्याचा प्रायोगिक कारखानाही याच आवारात उभा राहिला.

ही कामे अभिमानाची आहेत. जंगल न तोडता फळी मिळते, तेल न जाळता नवे साहित्य मिळते. पण व्होल्कर यांचा जुना प्रश्न इथेही दार ठोठावतो. सगळी पऱ्हाटी फळी झाली तर वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीला काय परत जाईल? शेतातून उचललेल्या प्रत्येक टनाबरोबर काही ना काही माघारी पाठवण्याची सोय आधी व्हायला हवी.

देवनारची आग, तुर्भ्याचे ऋण

देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा टाकला जातो. जानेवारी २०१६ मध्ये तिथे मोठी आग लागली. कचऱ्याच्या डोंगरात वर्षानुवर्षे कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातला मिथेन तिला पोसत होता. गोवंडी, चेंबूर, घाटकोपरवर धुराचे छत पसरले आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. बोरिवलीच्या पिंपात जो वायू जपून साठवला जात होता तोच इथे मोकाट जळत होता, आणि त्याबरोबर नाशिक, जुन्नर, वसईच्या मळ्यांतून आलेल्या भाजीचा सगळा कस.

याच डोंगरापासून जवळ, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, डॉ. शरद काळे यांनी २००० च्या सुमारास ओल्या कचऱ्यासाठी नवे संयंत्र उभे केले. गाईच्या पोटाचे काम करणारी एक टाकी त्यांनी आधी जोडली. त्यात कचरा दळून, गरम पाण्यात आणि हवा देऊन जिवाणूंकरवी मऊ केला जातो, मग तो मिथेनच्या टाकीत जातो. माथेरानसारख्या ठिकाणी ही संयंत्रे बसवली गेली. काळे यांनी त्याला नाव दिले ‘निसर्गऋण’. मला या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत नेमके नाव वाटते. गॅस हा आपला लाभ. खत हे ऋण, आणि ते फेडायचे असते.

ऑक्टोबर २०१७ पासून मुंबई महापालिकेने मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितले. मुलुंड, घाटकोपर, अंधेरीतल्या कितीतरी सोसायट्यांत आता कंपोस्टचे पिंप आहे. पण सोसायटीच्या बागेला असे किती खत लागणार? चार कुंड्या भरल्या की पोत्यात भरलेले खत जिन्याखाली पडून राहते. इर्ल्याने आणि बोरिवलीने शेतकऱ्याला शिकवले होते की गॅस घे, पण काला शेतात ने. आता ते शिकण्याची पाळी उपनगराची आहे. मळ्यांतून भाजी घेऊन आलेले टेम्पो परतताना बहुधा रिकामे असतात. त्यात ही पोती चढली, तर १८९३ साली व्होल्कर यांनी कागदावर मांडलेली गाठ आपल्या दारात सुटायला सुरुवात होईल.